पाठीला पाठ लावून आलेली

"लहानपणी ज्यांचे अतोनात हाल झाले, अशी मुलं पुढे धड होतात का हो?"

मी बालमानसशास्त्र शिकवते. वर्ग कुठलाही असो, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. शाळेतल्या शिक्षिका विचारतात, अंगणवाडीताई विचारतात, मूल दत्तक घ्यायच्या विचारात असलेलं जोडपं विचारतं. कधी एखादी चाळिशीची बाई सगळे पांगेपर्यंत थांबते आणि हलक्या आवाजात तोच प्रश्न विचारते. ती कुणाबद्दल विचारते आहे, हे मग मी तिला विचारत नाही.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरं आपल्याकडे आहेत. पहिलं उत्तर असं, की काचेला तडा गेला तो गेला, असं मूल आयुष्यभर तसंच राहणार. दुसरं उत्तर याच्या अगदी उलट. 'मुलांचं काय, लहान आहेत, विसरतील सगळं.' पहिल्या उत्तरामुळे आपण अशा मुलांवरची आशा सोडतो आणि दुसऱ्यामुळे त्यांच्यासाठी काही करायचं सोडतो. ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत. ती का चुकीची आहेत, हे सांगण्यासाठी मी आज तुम्हाला दोन भावांची हकिगत सांगणार आहे. मानसशास्त्राच्या अभ्यासकांना ती चांगली ठाऊक आहे. मात्र त्या भावांची खरी नावं अभ्यासकांनी जाणूनबुजून कधी छापली नाहीत. आपणही त्यांना नुसतं 'जुळे भाऊ' म्हणू.

हे भाऊ १९६० साली तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात जन्मले. जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्यांची आई वारली. पहिलं जवळजवळ दीड वर्ष ते आधी बालगृहात आणि मग काही महिने नात्यातल्या एका बाईकडे वाढले. या काळात त्यांची वाढ इतर मुलांसारखीच होत होती. मग वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मुलांना घरी आणलं. तिथून पुढची साधारण साडेपाच वर्षं या मुलांनी जे सोसलं, ते थोडक्यातच सांगते. सावत्र आईनं त्यांना थंडीत ऊब नसलेल्या एका लहानशा कोंदट खोलीत ठेवलं होतं. कित्येकदा त्यांना तळघरात कोंडलं जाई. झोपायचं जमिनीवर. खाणं अपुरं आणि मार भरपूर. घरात आणखी मुलं होती, पण या दोघांशी बोलायची त्यांना बंदी होती. शेजारपाजारच्या लोकांना ही मुलं कधी बाहेर दिसलीच नाहीत.

शाळेत घालायचं वय झालं, तेव्हा १९६७ साली हा प्रकार उजेडात आला. मुलगा शाळेत जाण्याजोगा नाही, असा दाखला मिळवण्यासाठी बाप एकाला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पाहिलं, तर सात वर्षांचं म्हणवलं जाणारं ते मूल तीन वर्षांच्या मुलाएवढं दिसत होतं. मग चौकशी झाली आणि पुढे खटलाही चालला. दोन्ही मुलांना मुडदूस झालेला होता. त्यांना धड चालता येत नव्हतं. बोलणं जेमतेम होतं. बरंचसं ते खाणाखुणांनीच सांगत. रस्त्यावरची वाहनं, दूरचित्रवाणीचा पडदा, चावीची खेळणी, सगळ्याचीच त्यांना भीती वाटे. चित्र दाखवलं तर ते चित्र आहे, म्हणजे कशाचं तरी चित्र आहे, हेच त्यांना उमगत नसे. कधी पुस्तकच पाहिलं नाही, तर ते उमगणार कसं? बुद्धीच्या बाबतीत ती तीन वर्षांच्या मुलाच्या पातळीवर होती.

यार्मिला कोलुखोवा या चेक मानसशास्त्रज्ञ बाईंनी या मुलांचा अभ्यास केला. १९७२ साली त्यांनी पहिला निबंध प्रसिद्ध केला, १९७६ साली दुसरा, आणि १९९१ साली, बावीस वर्षांच्या निरीक्षणानंतर, आणखी एक. एखाद्या मुलाच्या मागे इतकी वर्षं चिकाटीनं राहिलेले अभ्यासक फार थोडे.

आता पुढे काय झालं ते पाहा. मुलांना आधी रुग्णालयात ठेवलं आणि मग एका बालगृहात. तिथे त्यांना त्यांच्या वयाच्या मुलांमध्ये न ठेवता त्यांच्याहून लहान मुलांमध्ये ठेवलं गेलं. हे फार शहाणपणाचं होतं. सात वर्षांच्या मुलांच्या धांदलीत ती बावरून गेली असती. तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर त्यांना बरोबरीनं खेळता आलं. त्यानंतर ती मतिमंद मुलांच्या शाळेत गेली आणि तिथून चक्क नेहमीच्या शाळेत. १९६९ साली त्यांना घर मिळालं. दोन अविवाहित बहिणी एकत्र राहत होत्या. त्यांनी या दोघांना सांभाळायला घेतलं. दोघांना, एकत्र. हा शब्द कृपया लक्षात ठेवा.

वयाच्या आठव्या वर्षी या मुलांचा बुद्ध्यंक सत्तर ते ऐंशीच्या घरात होता. चौदाव्या वर्षी दोघांचाही शंभरच्या आसपास होता, म्हणजे चारचौघांइतका. बोलणं वयाप्रमाणे झालं. पुढे त्यांनी शालेय शिक्षण संपवलं, यंत्रदुरुस्तीचं धंदेशिक्षण घेतलं आणि नोकरीला लागले. दोघांची लग्नं झाली, मुलंबाळं झाली आणि संसार सुखाचे झाले. कोलुखोवाबाईंना शेवटच्या पाहणीत मानसिक विकृतीची कोणतीही खूण आढळली नाही.

हे कशामुळे झालं? कोणतंही एकच कारण देता येणार नाही. पहिल्या दीड वर्षातली बरी वाढ हे एक कारण असणार. वयाच्या सातव्या वर्षी सुटका झाली, सतराव्या नव्हे, हे दुसरं. त्या दोन बहिणींचं प्रेम आणि चिकाटी हे तिसरं आणि फार मोठं. पण त्या तळघरातल्या साडेपाच वर्षांत यांतलं काहीच नव्हतं. तिथे एकच गोष्ट होती. त्या अंधारात ते दोघं होते.

आपल्या भाषेत धाकट्या भावंडाला 'पाठचा भाऊ', 'पाठची बहीण' म्हणतात. एकानं दुसऱ्याची बाजू सावरली, की 'पाठराखण केली' म्हणतात. आपली पाठ आपल्याला दिसत नाही; ती दुसऱ्यानंच राखावी लागते. छळ होणाऱ्या घरात भावंडं नेमकं हेच करतात. ती हे कसं करतात, ते जरा सुटं करून सांगते.

पहिली गोष्ट शरीराची. मूल घाबरलं की त्याच्या शरीरात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. धोका टळला की हे सगळं खाली यायला हवं. ज्या घरात धोका टळतच नाही, तिथे ते वरच राहतं. त्याचा परिणाम झोपेवर, वाढीवर आणि शिकण्यावर होतो. अशा वेळी एखादा ओळखीचा, उबदार स्पर्श मिळाला, तर शरीराला थोडी तरी उसंत मिळते. आई हे काम सर्वांत चांगलं करते. पण आई नसेल, किंवा मारणारी व्यक्ती आईच असेल, तर एका पांघरुणात कुशीला झोपलेलं भावंडही हे थोडंफार करतं.

दुसरी गोष्ट मनाची. मार खाणारं लहान मूल 'मारणारा वाईट आहे' असं म्हणत नाही. 'मी वाईट आहे, म्हणून मला मारतात,' असं म्हणतं. ज्यांच्यावर आपण जेवणाखाण्यासाठी अवलंबून आहोत, तीच माणसं वाईट आहेत, हा विचार लहान मुलाला पेलवत नाही. त्यापेक्षा स्वतःला वाईट म्हणणं सोपं. पण शेजारी भावंड असेल आणि त्यालाही तसाच मार बसत असेल, तर या समजुतीला कुठे तरी खिंडार पडतं. 'ती तर काहीच करत नाही, मग तिला का?' हा प्रश्न मनात येणं ही सुटकेची पहिली पायरी असते. भावंड हा साक्षीदार असतो. जे घडलं ते खरंच घडलं, आणि ते आपल्या चुकीमुळे घडलं नाही, हे पुढे आयुष्यभर सांगू शकणारा साक्षीदार.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माणसावर विश्वास ठेवायचं कसब वापरात राहिलं नाही, तर ते गंजून जातं. भावंडाशी वाटून खाताना, त्याची वाट पाहताना, ते रडलं तर त्याला थोपटताना ते वापरात राहतं. पूर्वी रात्री चूल विझवताना बायका एखादा निखारा राखेखाली झाकून ठेवत. त्यावर रात्री स्वयंपाक होत नसे, पण सकाळची चूल त्याच्यावरच पेटे. भावंडांचं हे असं असतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४५ साली नाझींच्या तेरेझिन इथल्या छळछावणीतून सुटलेली सहा लहान मुलं इंग्लंडमध्ये आणली गेली. ती तीन ते चार वर्षांची होती. त्यांचे आईबाप मारले गेले होते, आणि ती सहाही जण अगदी तान्ही असल्यापासून त्या छावणीत एकत्र वाढली होती. ससेक्स परगण्यातल्या एका घरात वर्षभर त्यांचा सांभाळ झाला, आणि ॲना फ्रॉइड व सोफी डॅन या दोघींनी १९५१ साली त्यावर सविस्तर निबंध लिहिला. ही मुलं मोठ्या माणसांना चावत, थुंकत, खेळणी मोडून टाकत. मोठ्या माणसांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. पण आपापसांत? एकाला क्षणभर बाजूला नेलं तर बाकीची कासावीस होत. जेवताना दुसऱ्याच्या ताटात पडलं की नाही, हे आधी पाहत. त्यांच्यात हेवादावा जवळजवळ नव्हता. ती रक्ताची भावंडं नव्हती. पण एकमेकांची भावंडं झाली होती. वर्षभरात ती नवी भाषा शिकली आणि हळूहळू मोठ्या माणसांनाही आपल्यात घेऊ लागली. आईच्या मायेला मुकलेली ही मुलं बिघडलेली किंवा वेडी झाली नव्हती, हे पाहून अभ्यासकांना आश्चर्य वाटलं. ओढ लावायला त्यांना एकमेकं होती.

पण इथे थांबून दुसरी बाजूही सांगायला हवी. 'भावंडं आहेत ना एकमेकांना, मग झालं' असं म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या जुळ्या भावांकडे परत पाहा. साडेपाच वर्षं ते एकमेकांच्या सोबत होते, तरी त्यांना बोलता येत नव्हतं. कारण दोघांकडे मिळून जेवढं होतं, तेवढंच ते एकमेकांना देऊ शकत होते. शब्द, गोष्टी, गाणी, चित्रं, हे सगळं मोठ्या माणसाकडूनच यावं लागतं. भावंड राखतं, वाढवायला मोठं माणूस लागतं.

मोठं माणूस मिळालं नाही, किंवा मिळून टिकलं नाही, तर काय होतं, याचंही एक दुःखद उदाहरण आहे. १९७० साली अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ एक तेरा वर्षांची मुलगी सापडली. अभ्यासकांनी तिला 'जिनी' हे टोपणनाव दिलं. बापानं तिला लहानपणापासून एका खोलीत जखडून ठेवलं होतं. घरात मोठा भाऊ होता, पण त्यानं तिच्याशी बोलायचं नाही, असा बापाचा दंडक होता. सुटका झाल्यावर ती बरेच शब्द शिकली, पण वाक्याची नीट घडण तिला कधीच साधली नाही. संशोधनासाठी मिळणारा पैसा काही वर्षांनी बंद झाला, आणि मग ती या घरातून त्या घरात फिरत राहिली. जिनी आणि ते जुळे भाऊ यांच्यात पुष्कळ फरक आहेत. सुटकेचं वयच मुळात दुप्पट होतं. त्यामुळे तुलना जपून करायला हवी. तरी दोन गोष्टी नजरेत भरतात. कोंडलेल्या खोलीत तिला कुणी नव्हतं, आणि बाहेर आल्यावरही कायमचं असं कुणी मिळालं नाही.

वेळेचं महत्त्व किती असतं, हे रुमेनियात दिसलं. चाउशेस्कूच्या राजवटीत तिथल्या अनाथालयांत हजारो मुलं कशीबशी जगत होती. सन २००० नंतर बुखारेस्ट इथे अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतल्या निम्म्या मुलांना सांभाळणारी कुटुंबं मिळवून दिली गेली. ज्यांना कुटुंब मिळालं त्यांची प्रगती अधिक झाली. आणि ज्यांना ते साधारण दोन वर्षांच्या आत मिळालं, त्यांची बऱ्याच बाबतींत सर्वांत जास्त. म्हणजे उशीर झाला तर काहीच होत नाही असं नाही, पण उशिराची किंमत मूल मोजतं.

मग किती मुलं सावरतात? हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वेर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं दारूचं व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणींत एकदम सापडलेली होती. यांतलीही एक तृतीयांश मुलं पुढे सक्षम, जबाबदार, प्रेमळ माणसं झाली. त्यांच्यात काय सारखं होतं? घरात किंवा घराबाहेर त्यांना मानणारं निदान एक माणूस होतं: आजी, शिक्षक, शेजारीण, कधी थोरलं भावंड. आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांतल्या कित्येकांवर घरातलं एखादं खरंखुरं काम सोपवलेलं होतं, बहुधा धाकट्या भावंडाला सांभाळायचं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, ही जाणीव मुलाला उभं करते.

पण याचाच अतिरेक झाला तर? 'आता तूच याची आई' असं आपण नऊ वर्षांच्या मुलीला किती सहज म्हणतो! ती भावाला भरवते, त्याच्या वाटचा मार खाते, रात्री जागी राहून दारातून येणाऱ्या पावलांचा अंदाज घेते. लोक तिचं कौतुक करतात. पण तिचं बालपण मात्र कुणाच्याच हिशेबात नसतं. पुढे मोठी झाल्यावर तिला विश्रांती घेताना अपराधी वाटतं, आणि कुणी आपली काळजी घेतो म्हटलं की संशय येतो. अशा थोरल्या मुलीला 'तू लहान आहेस, आता आम्ही आहोत' हे सांगणारं आणि ते वागून दाखवणारं माणूस लागतं. धाकट्याची जबाबदारी मात्र एका झटक्यात तिच्याकडून काढून घेऊ नये. त्याला आंघोळ कोण घालणार, तो काय खातो, हे तिला विचारावं, आणि हळूहळू तिचे हात मोकळे करावेत.

हे सगळं दूरदेशीचं वाटत असेल, तर आपल्याकडे पाहू. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून ती केलेली होती. दर तीन मुलांपैकी दोघांना शारीरिक मारहाण झालेली होती, आणि घरात मार खाणाऱ्या मुलांना मारणारे बहुतेक वेळा आईवडीलच होते. सगळीच मारहाण तळघरातल्या छळासारखी नसते, हे खरं. पण टोकाचा छळ दडून राहतो तो या सवयीच्या आड. 'त्यांच्या घरचा प्रश्न आहे' म्हणून आपण दार लावून घेतो.

आणि एखाद्या घराचा असा बोजवारा उडालाच, तर नातेवाईक जमतात आणि मुलं वाटून घेतात. थोरला काकांकडे, मधली मामांकडे, धाकटी आजीकडे. यात कुणाची नियत वाईट नसते. प्रत्येकाची ऐपत मर्यादित असते, आणि 'एकेक जण वाटून घेऊ' हे न्यायाचंही वाटतं. पण मुलाच्या बाजूनं पाहा. आई गेली किंवा तुरुंगात गेली, घर गेलं, शाळा सुटली, आणि ज्याच्या कुशीला रोज रात्री झोपत होतो तेही गेलं. वाचलेली एकमेव वस्तू आपणच त्याच्या हातून काढून घेतो. पुष्कळदा मूल रडतही नाही, आणि मग सगळे म्हणतात, 'किती शहाणं आहे, लगेच रुळलं.'

आपला कायदा या बाबतीत शहाणा आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ याच्या कलम ४४ मध्ये म्हटलं आहे, की मुलांना सांभाळासाठी कुटुंबात देताना भावंडांना एकत्र ठेवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करावा. वेगळं ठेवणंच त्यांच्या हिताचं असेल तेवढाच अपवाद. तो अपवादही महत्त्वाचा आहे. कधी कधी एक भावंडच दुसऱ्याला छळत असतं; तिथे एकत्र ठेवायचा हट्ट धरणं म्हणजे छळ पुढे चालू ठेवणं. पण एरवी एकत्र ठेवणं हा नियम असावा. प्रत्यक्षात मुलग्यांच्या आणि मुलींच्या संस्था बहुधा वेगळ्या, वयोगटही वेगळे. त्यामुळे भाऊ एका गावी आणि बहीण दुसऱ्या गावी, असं होतं. तसं करावंच लागलं, तर भेटीचा दिवस ठरलेला हवा. वर्षातून एकदा भाऊबीजेला भेट ही भेट नव्हे. दर आठवड्याला फोन, दर महिन्याला प्रत्यक्ष भेट, आणि एकमेकांचा फोटो उशाशी, एवढं तरी व्हावं. नातेवाईक मुलं सांभाळायला तयार असतील, पण पैशांची अडचण असेल, तर महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिची माहिती जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात आणि बालकल्याण समितीकडे मिळते.

आणखी दोन व्यवहारातल्या गोष्टी. शेजारच्या घरात मुलाचा छळ होतो आहे असा दाट संशय आला, तर १०९८ हा क्रमांक आहे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही मदतसेवा पुढे देशभर गेली, आणि २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेमार्फत चालवली जाते. फोन कुणीही करू शकतं, खुद्द मूलसुद्धा. आणि छळ लैंगिक असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे तो कळवणं ही केवळ माणुसकी नाही, तर कायद्यानं घातलेली जबाबदारी आहे.

दुसरी गोष्ट, मूल तुमच्यापाशी बोललं तर. त्याची उलटतपासणी घेऊ नका. 'आधी का नाही सांगितलंस?' असं विचारू नका. 'कुणाला सांगणार नाही' असं खोटं वचन देऊ नका. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही, आपण मदत मागू या,' एवढं शांतपणे म्हणा. मग एक प्रश्न मात्र जरूर विचारा: 'घरात आणखी कोण कोण लहान आहे?' एका मुलावरचा अत्याचार उघडकीला येतो, तेव्हा त्याच घरातलं दुसरं मूल बऱ्याचदा नजरेतून सुटतं. कधी एकच मूल माराचं धनी होतं आणि बाकीच्यांना नुसतं पाहावं लागतं. त्या पाहणाऱ्यांनाही जखम होते. 'मी वाचलो आणि ती नाही,' हा सल त्यांच्या मनात वर्षानुवर्षं राहतो. त्यांनाही मदत लागते.

शेवटी, अशा घरांतून वाढून आता मोठ्या झालेल्यांसाठी दोन शब्द. सावरणं म्हणजे विसरणं नव्हे, आणि माफ करणंही नव्हे. माफ करायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. सावरणं म्हणजे जुनी भीती आजच्या दिवसाचे निर्णय घेईनाशी होणं. त्याला वर्षं लागतात. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांची मदत त्यात फार उपयोगी पडते, आणि ती पन्नाशीत घेतली तरी वाया जात नाही. भावंडांच्या आठवणी सहसा जुळत नाहीत. एकाला सगळं लख्ख आठवतं, दुसरा म्हणतो, 'एवढं काही नव्हतं.' तो खोटं बोलत असतोच असं नाही. काही जण न आठवूनच तगलेले असतात. म्हणून त्याच्याकडून कबुली मिळवण्याची घाई करू नये, आणि जो बोलतो आहे त्याला 'जुनं कशाला उकरतोस' म्हणून गप्पही करू नये. बोलायला जमत नसेल, तर नुसतं जेवायला बोलवावं. बरीच भावंडं बोलतात ती तिसऱ्या-चौथ्या भेटीत, भांडी आवरताना.

आणि ज्यांच्या हातात मुलांचे निर्णय आहेत, ते समितीचे सदस्य, संस्थांचे अधीक्षक, पोलीस, मुख्याध्यापक, आणि घरोघरचे काका-मामा, या सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. संकटातून काढलेलं मूल समोर आलं, की त्याचं नाव, गाव आणि वय लिहून घेता, त्याच ओळीत आणखी एक गोष्ट लिहा: याला भावंडं किती, आणि ती आज रात्री कुठे झोपणार आहेत.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)